ड्राफ्टमध्ये आधी कोणती जागा भरावी? एनएफएलच्या नवख्या प्रेक्षकासाठी मार्गदर्शन

अमेरिकन फुटबॉल नव्याने पाहू लागलेल्या मराठी प्रेक्षकाला, मग तो न्यू जर्सीत राहणारा असो की पुण्यात बसून पहाटे मोबाइलवर सामने पाहणारा, एप्रिल महिन्यात, कॉलेजातून येणाऱ्या नव्या खेळाडूंची निवड म्हणजे ड्राफ्ट होताना, एक प्रश्न हमखास पडतो. ज्या संघाकडे धड एक सेफ्टी (बचावात सर्वांत मागे राहणारा) नाही, तो संघ पहिल्या फेरीत टॅकल (कडेने चालून येणाऱ्याला अडवणारा) का घेतो, आणि ज्याचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) हंगामभर लंगडत होता, तो संघ देशातला सर्वोत्तम रनिंग बॅक समोर असताना त्याच्याकडे ढुंकूनही का पाहत नाही? उत्तर खेळात जितके आहे तितकेच हिशोबाच्या वहीत आहे. तो हिशोब कोणत्या क्रमाने मांडायचा, ते या लेखात सांगितले आहे. हाच क्रम वापरून आपल्या आवडत्या संघासाठी कोणालाही कागदावर ड्राफ्ट करता येतो.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. आयपीएलच्या लिलावात एका खेळाडूवर कोणताही संघ बोली लावू शकतो. येथे बोली नसते, पाळी असते. एनएफएलमध्ये ३२ संघ आहेत, ड्राफ्टच्या सात फेऱ्या होतात आणि त्या गुरुवार, शुक्रवार, शनिवार अशा तीन दिवसांत पार पडतात. (भारतातल्या घड्याळाप्रमाणे पहिली फेरी शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होते, त्यामुळे चहाचे आधण आधीच चढवून ठेवावे.) गेल्या हंगामात सर्वांत वाईट खेळलेला संघ प्रत्येक फेरीत पहिला निवडतो आणि विजेता शेवटी. संघांना आपल्या पाळ्यांची आपसांत देवघेव करण्याची मुभा असते.

पायरी पहिली: पगाराचे गणित मांडा

बहुतेक नवखे प्रेक्षक संघात कुठे भोक आहे तेथून सुरुवात करतात. सुरुवात पगारापासून करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

२०१० साली पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्ड या क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला, सेंट लुइस रॅम्सने सहा वर्षांचा ७.८ कोटी डॉलरचा करार दिला आणि त्यातले ५ कोटी हमीचे होते. पुढच्याच वर्षी संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात नवा करार झाला, नवख्यांच्या पगाराला चौकट आली आणि त्या वर्षी पहिला निवडला गेलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २.२ कोटी डॉलर मिळाले. तेव्हापासून नवख्याचा चार वर्षांचा पगार त्याच्या निवडीच्या क्रमांकावरून जवळजवळ ठरून जातो. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला पाचव्या वर्षी ठेवून घेण्याचा हक्क संघाकडे असतो आणि त्या पाचव्या वर्षाच्या पगारात मात्र जागेचा विचार होतो. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की पहिली चार वर्षे दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला क्वार्टरबॅक आणि दुसऱ्याच क्रमांकावर घेतलेला रनिंग बॅक यांना सारखाच पगार मिळतो.

बाजारात मात्र त्यांची किंमत सारखी नसते. ती किंमत समजण्याचा सोपा मार्ग म्हणजे फ्रँचायझी टॅगची यादी. करार संपलेल्या एका खेळाडूला आणखी एक वर्ष अडवून ठेवायचे असेल, तर संघाला त्या जागेसाठी ठरलेली रक्कम मोजावी लागते आणि ती रक्कम त्या जागेवरच्या सर्वांत महागड्या खेळाडूंच्या पगारांवरून काढलेली असते. २०१८ ची यादी पाहू. क्वार्टरबॅक २.३२ कोटी डॉलर, डिफेन्सिव्ह एंड (कडेने क्वार्टरबॅकवर चालून जाणारा) १.७१ कोटी, वाइड रिसीव्हर (पास झेलणारा) १.६० कोटी, कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारा) १.५० कोटी, ऑफेन्सिव्ह लाइन (क्वार्टरबॅकसमोरची पाच जणांची रांग) १.४१ कोटी आणि रनिंग बॅक १.१९ कोटी.

त्या वर्षी दुसरी पाळी न्यूयॉर्क जायंट्सची होती. त्या क्रमांकाचा पगार चार वर्षांना सुमारे ३.१२ कोटी, म्हणजे वर्षाला ७८ लाख डॉलर. आता वजाबाकी करावी. या निवडीतून उत्तम क्वार्टरबॅक मिळाला, तर बाजारभावाच्या तुलनेत वर्षाला सुमारे १.५४ कोटी वाचतात. डिफेन्सिव्ह एंड मिळाला तर ९३ लाख. रिसीव्हर मिळाला तर ८२ लाख. आणि रनिंग बॅक मिळाला, अगदी पहिल्या दर्जाचा मिळाला तरी, ४१ लाख. सर्व संघांना पगाराची एकच कमाल मर्यादा असल्यामुळे हा वाचलेला पैसा म्हणजे दुसऱ्या चांगल्या खेळाडूची सोय असते.

जायंट्सने सकॉन बार्कली हा रनिंग बॅक घेतला. खेळाडू म्हणून निवडीत काहीच चूक नव्हती; तो त्या हंगामाचा आक्रमणातला सर्वोत्तम नवखा ठरला आणि संघ ५-११ वर (पाच विजय, अकरा पराभव) संपला. २०२० मध्ये दुसऱ्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. पुढे २०२४ मध्ये तो फिलाडेल्फिया ईगल्समध्ये तीन वर्षांच्या ३.७७५ कोटी डॉलरच्या करारावर गेला, त्याच हंगामात २,००५ यार्ड धावला आणि सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. ईगल्सने त्याच्यासमोरची भिंत, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन (मध्ये सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, कडांना टॅकल), आधी बांधून ठेवली होती. उजवा टॅकल लेन जॉन्सन २०१३ चा, चौथ्या क्रमांकाचा. डावा गार्ड लँडन डिकर्सन आणि सेंटर कॅम जर्गन्स हे दोघेही दुसऱ्या फेरीतले. आणि डावा टॅकल जॉर्डन मायलाटा तर ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळणारा, २०१८ च्या सातव्या फेरीत घेतलेला. भिंत ड्राफ्टमधून आणि धावणारा बाजारातून, हा क्रम कागदावर मांडून पाहिला तर त्यातला फरक लगेच लक्षात येतो.

टॅगच्या यादीत एक खोट आहे, तीही नोंदवून ठेवावी. ऑफेन्सिव्ह लाइनच्या पाचही जागांसाठी एकच रक्कम असते. त्यामुळे गार्ड आणि सेंटर यांची किंमत या यादीत खऱ्यापेक्षा फुगलेली दिसते.

पायरी दुसरी: जागांची उतरंड लावा

सर्वांत वर एकटा क्वार्टरबॅक. प्रत्येक खेळीत चेंडू त्याच्या हातात येतो आणि पास देऊन सरासरीने धावण्यापेक्षा जास्त यार्ड मिळतात, एवढी दोनच कारणे पुरेशी आहेत. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या १२ निवडींत सहा क्वार्टरबॅक गेले. पहिल्या क्रमांकाच्या केलेब विल्यम्सला चार वर्षांचे सुमारे ३.९५ कोटी डॉलर मिळाले, तर त्या वर्षी क्वार्टरबॅकचा एका वर्षाचा टॅगच ३.८३ कोटींचा होता.

त्याखालच्या मजल्यावर ज्या जागा येतात, त्या एक तर पास यशस्वी करतात किंवा तो हाणून पाडतात. एज रशर (टॅगच्या यादीतला डिफेन्सिव्ह एंड बहुधा हाच) कडेने घुसून क्वार्टरबॅकला गाठतो. टॅकल त्याला अडवतो. वाइड रिसीव्हर पास झेलतो आणि कॉर्नरबॅक त्या रिसीव्हरच्या अंगाला चिकटून राहतो. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे असते, त्यामुळे डाव्या टॅकलला पूर्वापार मान आहे. पण आता संघ आपले उत्तम एज रशर दोन्ही बाजूंनी सोडतात, म्हणून उजव्या टॅकलला दुय्यम समजण्याचे कारण उरलेले नाही. मध्यातून क्वार्टरबॅकच्या तोंडावर चालून येणारा डिफेन्सिव्ह टॅकल मी याच मजल्यावर ठेवतो, मात्र केवळ जागा अडवून उभा राहणारा नव्हे.

उरलेल्या जागा, म्हणजे गार्ड, सेंटर, लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या रांगेतला), सेफ्टी, टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा) आणि रनिंग बॅक, तिसऱ्या मजल्यावर येतात. याचा अर्थ त्या बिनमहत्त्वाच्या आहेत असा नाही. त्यांतला चांगला आणि बरा यांच्यातला फरक सामन्यात कमी जाणवतो आणि बाजारात ते तुलनेने स्वस्तात मिळतात. रनिंग बॅकच्या बाबतीत भर अशी, की त्याची उमेद तिशीच्या आधीच ओसरू लागते, त्यामुळे स्वस्त पगाराची वर्षे संपेपर्यंत त्याचा बहरही बराचसा संपलेला असतो.

ही उतरंड दगडावरची रेघ नाही. २०१८ मध्येच इंडियानापोलिस कोल्ट्सने सहाव्या क्रमांकावर क्वेंटन नेल्सन हा गार्ड घेतला आणि तो पहिल्याच हंगामात ऑल-प्रो, म्हणजे लीगच्या सर्वोत्तमांच्या यादीतला, झाला. डेट्रॉइट लायन्सने २०२३ मध्ये पहिल्या फेरीत एक रनिंग बॅक आणि एक लाइनबॅकर घेतला, तेव्हा जाणकारांनी नाके मुरडली. दोघेही उत्तम निघाले आणि संघ त्या हंगामात १२-५ पर्यंत गेला. खालच्या मजल्यावरचा खेळाडू वर घ्यायचाच असेल, तर तो नुसता चांगला असून भागत नाही, तो आपल्या जागेवर देशात उठून दिसणारा असावा लागतो.

पायरी तिसरी: आपल्या पुढच्या पाळीपर्यंत काय उरेल ते पाहा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि सर्वांत जास्त वगळली जाते, म्हणून तिच्यासाठी एक प्रसंग सविस्तर घेऊ.

२०२० मध्ये सिनसिनाटी बेंगॉल्सने पहिल्या क्रमांकावर जो बरो हा क्वार्टरबॅक घेतला. समोरची लाइन कच्ची होती आणि नोव्हेंबरमध्ये त्याचा गुडघा गेला. संघ ४-११-१ वर (शेवटचा आकडा बरोबरीचा) संपला, त्यामुळे २०२१ मध्ये त्यांना पाचवी पाळी मिळाली. त्या पाळीला दोन खेळाडू उपलब्ध होते: ऑरेगन विद्यापीठाचा टॅकल पेनाय स्यूल आणि एलएसयू (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) चा रिसीव्हर जामार चेस, जो कॉलेजात बरोचेच पास झेलत असे. क्वार्टरबॅकचा गुडघा ज्या लाइनमुळे गेला, ती लाइन आधी दुरुस्त करावी, हे कोणालाही पटेल असे उत्तर होते. बेंगॉल्सने चेस घेतला.

यावर मी वहीत दोन रकाने करतो. पहिल्या रकान्यात ‘आता चेस, दुसऱ्या फेरीत लाइनमन’ आणि दुसऱ्या रकान्यात ‘आता स्यूल, दुसऱ्या फेरीत रिसीव्हर’. मग प्रत्येक रकान्यातल्या दोन खेळाडूंची बेरीज करायची. पहिल्या फेरीतले दोन खेळाडू एकमेकांसमोर उभे करून काहीच ठरत नाही, जोड्या समोरासमोर ठेवाव्या लागतात. ज्या जागेचे खेळाडू पुढच्या पाळीपर्यंत झपाट्याने संपणार, ती जागा आधी भरायची आणि जिचा उतार सौम्य आहे, ती नंतर.

प्रत्यक्षात काय झाले ते बोलके आहे. चेसने पहिल्या हंगामात १,४५५ यार्ड आणि १३ टचडाउन केले. दुसऱ्या फेरीत बेंगॉल्स ३८ वरून ४६ व्या क्रमांकावर उतरले आणि तेथे घेतलेला लाइनमन जॅक्सन कार्मन कधीच पक्का बसला नाही. बरो त्या हंगामात ५१ वेळा सॅक झाला, म्हणजे पास फेकण्याआधीच पाडला गेला; लीगमध्ये सर्वाधिक. तरीही संघ १०-७ असा सुपर बोलपर्यंत पोहोचला, तेथे बरो आणखी सात वेळा सॅक झाला आणि रॅम्सने २३-२० असा सामना जिंकला. पुढच्या उन्हाळ्याआधीच बेंगॉल्सने अॅलेक्स कॅपा, टेड कॅरस आणि लाएल कॉलिन्स असे तीन लाइनमन बाजारातून आणले. दरम्यान सातव्या क्रमांकावर लायन्सकडे गेलेला स्यूल उजवा टॅकल म्हणून ऑल-प्रो झाला.

मग निर्णय बरोबर होता की चूक? माझ्या मते पहिली निवड बरोबर होती, पण वहीतला दुसऱ्या फेरीचा अर्धा भाग फसला आणि संघाने त्याची किंमत अंतिम सामन्यात मोजली. स्यूल घेतला असता तर तेही चुकले म्हणता आले नसते. नवख्याने यातून निकाल नव्हे, तर जोडी लावण्याची रीत उचलावी.

उतार ओळखण्यासाठी एक साधे काम करता येते. ड्राफ्टच्या आधी प्रसिद्ध होणाऱ्या तीन-चार क्रमवाऱ्या घ्याव्यात, आपल्या संघाची पहिली आणि दुसरी पाळी यांच्यावर रेघ ओढावी आणि दोन रेघांच्या मध्ये प्रत्येक जागेचे किती खेळाडू आहेत ते मोजावे. रिसीव्हर नऊ आणि टॅकल दोन असतील, तर टॅकल पहिल्या पाळीलाच घ्यावा लागेल, हे सांगायला कोणा पंडिताची गरज नाही.

पायरी चौथी: गरज आता विचारात घ्या

संघातले भोक या ठिकाणी विचारात येते, आणि तेही दोन वेगळ्या यादींत. एक यादी येत्या सप्टेंबरची. दुसरी, ज्यांचे करार दोन वर्षांत संपणार आहेत किंवा ज्यांचे वय झाले आहे त्यांची. पहिली यादी शक्यतो मार्चमध्ये फ्री एजंट, म्हणजे करार संपून मोकळे झालेले खेळाडू, घेऊन मिटवावी, कारण नवखा खेळाडू पहिल्या वर्षी चुका करतोच. ड्राफ्ट मुख्यतः दुसऱ्या यादीसाठी असतो.

पण दुसऱ्या यादीचाही अतिरेक होतो. जानेवारी २०२० मध्ये ग्रीन बे पॅकर्स सुपर बोलपासून एक सामना दूर राहिले. त्यांचा क्वार्टरबॅक आरन रॉजर्स तेव्हा ३६ वर्षांचा होता. चाहत्यांना रिसीव्हर हवा होता. संघाने ३० वरून २६ व्या क्रमांकावर सरकून जॉर्डन लव्ह हा क्वार्टरबॅक घेतला. रॉजर्स त्यानंतर सलग दोन हंगाम लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि लव्ह तीन वर्षे बाकावर बसला. २०२३ मध्ये त्याला संघ मिळाला आणि त्याने तो प्लेऑफमध्ये नेला, म्हणजे पारख खोटी नव्हती. मात्र पहिल्या पायरीचे गणित आठवले, तर स्वस्त क्वार्टरबॅकची चारपैकी तीन वर्षे वापराविना गेली. वारसदार शोधताना आधीचा कधी निवृत्त होईल, याचा अंदाज दोन वर्षांच्या आत बसला पाहिजे.

पायरी पाचवी: वर सरकायचे की खाली उतरायचे

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजने, प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळात, प्रत्येक पाळीला गुण देणारा तक्ता वापरात आणला. पहिल्या पाळीला ३,००० गुण, दुसरीला २,६००, दहावीला १,३०० आणि बत्तिसावीला ५९०. देवघेवीच्या दोन्ही बाजूंचे गुण साधारण जुळले की सौदा रास्त, अशी ही पद्धत आहे. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर आणि केड मॅसी यांनी नंतर दाखवून दिले, की सर्वांत वरच्या पाळ्यांना संघ अवाजवी किंमत मोजतात आणि दिलेल्या पगाराच्या मानाने दुसऱ्या फेरीतले खेळाडू जास्त मोबदला देतात. त्यांचे काम २०११ च्या पगार-चौकटीपूर्वीच्या करारांवर आधारलेले होते, त्यामुळे आज वरच्या पाळ्या तेव्हाइतक्या महाग नाहीत. तरीही नवख्यासाठी माझा नियम सोपा आहे: वर सरकायचे ते फक्त क्वार्टरबॅकसाठी, आणि तेही त्याला उभे राहायला जागा असेल तर.

२०२३ मध्ये कॅरोलिना पँथर्सने पहिल्या पाळीसाठी शिकागो बेअर्सला नववी आणि ६१ वी पाळी, २०२४ ची पहिली फेरी, २०२५ ची दुसरी फेरी आणि शिवाय आपला सर्वांत चांगला रिसीव्हर डी. जे. मूर दिला. ब्राइस यंग आला, पण झेलणारा निघून गेला होता आणि लाइन गळकी होती. तो ६२ वेळा सॅक झाला, संघ २-१५ वर संपला आणि पँथर्सने देऊन टाकलेली २०२४ ची पाळी पहिल्या क्रमांकाची निघाली. त्याच पाळीवर बेअर्सने विल्यम्स घेतला. त्याच २०२३ च्या ड्राफ्टमध्ये ह्यूस्टन टेक्सन्सने दुसऱ्या क्रमांकावर क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड घेतला आणि लगेच ॲरिझोनाशी सौदा करून तिसऱ्या क्रमांकावर एज रशर विल अँडरसन. डावा टॅकल लॅरमी टनसिल त्यांच्याकडे आधीच होता. संघ ३-१३-१ वरून १०-७ वर आला आणि आक्रमण व बचाव या दोन्हींचे सर्वोत्तम नवखे एकाच संघाचे ठरले. येथे एज रशरसाठी वर सरकणे फळले, म्हणजे माझ्या नियमालाही अपवाद आहे.

पायरी सहावी: शनिवारी खालचा मजला भरा

चौथ्या फेरीपासून जागेचा विचार सैल करावा. टाइट एंड, गार्ड, लाइनबॅकर, सेफ्टी आणि रनिंग बॅक येथे सुखाने घ्यावेत. सॅन फ्रान्सिस्कोचा टाइट एंड जॉर्ज किटल २०१७ मध्ये पाचव्या फेरीतच मिळाला होता. क्वार्टरबॅक या फेऱ्यांत सहसा हाती लागत नाही. टॉम ब्रेडी १९९ वा होता आणि २०२२ चा अगदी शेवटचा, २६२ वा खेळाडू ब्रॉक पर्डी पुढे सुपर बोल खेळला, हे खरे आहे, पण या दोघांच्या भरवशावर योजना आखू नये. एक पाळी खर्च होत असेल तर होऊ द्यावी, एवढेच.

किकर आणि पंटर या चेंडू लाथेने मारणाऱ्या खेळाडूंसाठी मात्र वरची पाळी अजिबात खर्चू नये. टँपा बे बकनिअर्सने २०१६ मध्ये वर सरकून ५९ व्या क्रमांकावर रॉबर्टो अग्वायो हा किकर घेतला आणि एका हंगामानंतर त्याला सोडून दिले. एनएफएलच्या इतिहासात सर्वाधिक, म्हणजे २,६७३ गुण करणारा ॲडम व्हिनाटिएरी १९९६ मध्ये कोणीच निवडला नव्हता. सातवी फेरी संपताच न निवडलेल्या खेळाडूंना संघांचे फोन जाऊ लागतात. वहीत किकरच्या पुढची चौकट तोपर्यंत रिकामी ठेवावी.